टीएसएचचं किट निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवताना मला हे प्रश्न तीन प्रकारची माणसं विचारतात. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नुकतीच लॅब टाकलेली मुलंमुली, एलायसावरून (रंग मोजणारी पद्धत) क्लियावर (प्रकाश मोजणारी पद्धत) जायचा विचार करणारे लॅबवाले, आणि ‘तुमचा थायरॉइडचा रिपोर्ट पुण्याच्या रिपोर्टशी जुळत नाही’ म्हणून फोन करणारे डॉक्टर. किट निवडताना मी स्वतः जे करते आणि ज्यावर विश्वास ठेवते, तेच इथे लिहिलं आहे. उदाहरण सगळीकडे टीएसएचचं, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला काम करायला सांगणाऱ्या हार्मोनचं, घेतलं आहे, कारण आपल्याकडे सगळ्यांत जास्त मागवला जाणारा हार्मोन तोच.

एकाच माणसाचा टीएसएच दोन लॅबमध्ये वेगळा का येतो? कुणाचं चुकतं?

बहुतेक वेळा कुणाचंच चुकत नाही.

ग्लुकोज हा एक ठरलेला रेणू आहे, कुठेही मोजा, तोच असतो. टीएसएचचं तसं नाही. पिच्युइटरीतून (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून) येणारं हे प्रथिन आहे आणि त्याला साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात. या साखळ्या कमीजास्त असतात, त्यामुळे एकाच माणसाच्या रक्तात टीएसएचची अनेक रूपं फिरत असतात. प्रत्येक कंपनीच्या अँटिबॉडी त्याला वेगवेगळ्या जागी पकडतात. एखादं रूप एका किटला पूर्ण दिसतं, दुसऱ्याला अर्धवट.

वर कॅलिब्रेशनचा, म्हणजे किट माहीत आकड्याच्या प्रमाणाशी जुळवून घेण्याचा, प्रश्न. सगळ्या कंपन्या आपलं किट डब्ल्यूएचओच्या प्रमाणाशी बांधतात, ८०/५५८ किंवा त्यानंतरचं ८१/५६५. इन्सर्टमध्ये (किटबरोबर येणाऱ्या माहितीच्या कागदात) हा आकडा दिसेल. पण ही दोन्ही प्रमाणं माणसाच्या पिच्युइटरी ग्रंथीतून काढलेल्या टीएसएचची आहेत, आणि ग्रंथीतलं टीएसएच व रक्तात फिरणारं टीएसएच तंतोतंत सारखं नसतं. म्हणून प्रमाण एक असूनही आकडे सुटे पडतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएफसीसी या संस्थेने सगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांजवळ आणायचं काम हाती घेतलं आहे. ते पूर्णपणे आपल्या रिपोर्टपर्यंत पोचेल तो दिवस मला फार हवा आहे.

फरक किती पडतो ते कंपन्यांच्या स्वतःच्या नॉर्मल रेंजमध्येच दिसतं. रोशच्या इलेक्सिसची रेंज ०.२७ ते ४.२०, ॲबटच्या आर्किटेक्टची ०.३५ ते ४.९४, सीमेन्सच्या सेंटॉरची ०.५५ ते ४.७८. आता पेशंटचा आकडा ४.६ आला असं धरा. पहिल्या रिपोर्टवर त्याच्यापुढे ‘हाय’ छापून येईल, उरलेल्या दोन्हींवर काहीच नाही. त्या कागदावरून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे.

किटला दोष देण्याआधी एक गोष्ट विचारा: रक्त किती वाजता दिलं? टीएसएच रात्री दोन ते चारच्या सुमारास सर्वांत वर असतं आणि दुपारी उतरतं. शिवाय एकाच तब्येतीच्या माणसात दिवसागणिक सुमारे २० टक्क्यांचा चढउतार सहज होतो. सकाळी आठला आमच्याकडे आणि संध्याकाळी पाचला दुसरीकडे दिलेलं रक्त जुळलं नाही, तर त्यात नवल नाही.

एका रिपोर्टवर ‘मायक्रो-आययू प्रति मिलिलिटर’ आणि दुसऱ्यावर ‘मिली-आययू प्रति लिटर’ असतं. गुणाकार करायचा का?

नाही. आकडा तोच राहतो. ३.२ म्हणजे दोन्हीकडे ३.२.

आरआयए, आयआरएमए, एलायसा, क्लिया: यांत नेमका फरक काय?

चौघांचं मूळ एक. हार्मोनला अँटिबॉडीने पकडायचं आणि पकडलेल्याला एखादी खूण लावून ती मोजायची. फरक खुणेत आहे, आणि पकडायच्या पद्धतीत.

आरआयएमध्ये खूण म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन-१२५. पेशंटचा हार्मोन आणि खूण लावलेला हार्मोन थोड्याशाच अँटिबॉडीसाठी भांडतात. पेशंटचा जास्त असेल तर खुणेचा कमी अडकतो, म्हणजे काउंट कमी तेवढं हार्मोन जास्त. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी ही पद्धत इन्सुलिनसाठी काढली, १९५९-६० च्या सुमारास. बर्सन १९७२ मध्ये गेले. यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं. त्या वर्षीच्या पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग गिलेमिन आणि शॅली यांना, मेंदूतल्या हार्मोन्सवरच्या कामासाठी. पिच्युइटरीला टीएसएच सोडायला सांगणारा टीआरएच त्यातलाच. आपण रोज जी टेस्ट लावतो तिचे दोन्ही धागे एकाच वर्षी एका मंचावर होते, हे मला अजून भारी वाटतं.

आयआरएमएमध्ये खूण हार्मोनला न लावता अँटिबॉडीला लावतात आणि हार्मोन दोन अँटिबॉडींच्या मध्ये सँडविचसारखा अडकतो. इथे काउंट जास्त तेवढं हार्मोन जास्त. टीएसएच मोठा रेणू आहे, दोन अँटिबॉडी एकदम बसू शकतात, म्हणून त्याला सँडविच चालतं. टी-थ्री आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन, इवलेसे, तिथे दुसरी अँटिबॉडी बसायला जागाच नाही, म्हणून तिथे भांडणाचीच पद्धत. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढे बायोटिनच्या प्रश्नात लागणार आहे.

एलायसा म्हणजे तेच सँडविच, पण खूण एन्झाइमची. शेवटी टीएमबी (रंग देणारं रसायन) घातलं की वेल (प्लेटवरची खळगी) निळी होते, आम्ल घालून थांबवलं की पिवळी, आणि रीडर ४५० नॅनोमीटरवर ओडी, म्हणजे रंगाचा गडदपणा, वाचतो. क्लियामध्ये रंगाऐवजी प्रकाश. कुणी ॲक्रिडिनियम वापरतं, कुणी ल्युमिनॉल, रोश रुथेनियम. प्रकाशाचे फार थोडे कणही मोजता येतात, म्हणून खालच्या आकड्यांत क्लिया एलायसाच्या पुढे जाते.

आयआरएमए आता बंदच झालं ना?

खासगी लॅबमध्ये जवळपास बंद. पण त्याला कमी लेखू नका. अणुऊर्जा खात्याची ‘ब्रिट’ ही संस्था १९८९ मध्ये सुरू झाली, तिचं ठाणं नवी मुंबईत वाशीला. तिने देशात तयार केलेली आरआयए आणि आयआरएमए किटं कित्येक सरकारी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या लॅबना परवडणारी होती. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तर १९६३ पासूनचं. थायरॉइडच्या टेस्टचं शिक्षण महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांना त्याच इमारतीत मिळालं.

अडचण अशी की आयोडीन-१२५ चं अर्धायुष्य सुमारे ६० दिवसांचं, म्हणजे किट साठवून ठेवता येत नाही. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, वेगळी खोली, वेगळा कचरा. गावातल्या लॅबला हे झेपणारं नाही.

‘थर्ड जनरेशन’ किट म्हणजे काय? खोक्यावर लिहिलं की झालं का?

खोक्यावर लिहिल्याने होत नाही. सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पिढ्या ठरतात त्या किट किती खालचा आकडा भरवशाने सांगतं यावर. पहिल्या पिढीची आरआयए १ मिली-आययू प्रति लिटरच्या खाली आंधळी होती. नॉर्मलची खालची हद्दच ०.४ च्या आसपास, तेव्हा नॉर्मल माणूस आणि थायरॉइड वाढलेला (म्हणजे ग्रंथी जास्त काम करते आणि टीएसएच खाली जातं असा) माणूस यांत तिला फरक करता येत नसे. त्यासाठी टीआरएचचं इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घ्यावं लागायचं. सँडविच पद्धत आली तसा हा आकडा ०.१ वर उतरला, ती दुसरी पिढी. ०.०१ ते ०.०२ पर्यंत पोचली ती तिसरी.

आता ‘भरवशाने’ या शब्दाचा अर्थ. एकच सॅम्पल वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रनमध्ये लावलं आणि आकड्यांतला पसारा, सरासरीच्या टक्क्यांत, म्हणजे सीव्ही, २० टक्क्यांच्या आत राहिला, तर तिथपर्यंत किट चालतं. याला फंक्शनल सेन्सिटिव्हिटी म्हणतात. काही इन्सर्टमध्ये मात्र नुसती ‘सेन्सिटिव्हिटी’ दिलेली असते. ती शून्य कॅलिब्रेटर (माहीत आकड्याचा नमुना, इथे हार्मोन नसलेला) एकाच रनमध्ये वीस वेळा लावून काढलेली असते आणि दिसायला फार सुंदर असते. तिचा आणि रोजच्या कामाचा संबंध थोडा.

स्वतः तपासायचं असेल तर थायरॉइड वाढलेल्या पेशंटांचं उरलेलं सिरम एकत्र करून ०.१ च्या आसपासचं मिश्रण बनवा. छोट्या व्हायलमध्ये भरून उणे २० ला ठेवा. रोज एक व्हायल काढून पेशंटांबरोबर लावा, वीस दिवस. समजा सरासरी ०.१० आली आणि एसडी (आकड्यांचा पसारा) ०.०३. म्हणजे सीव्ही ३० टक्के. खोक्यावर काहीही छापलेलं असो, ते किट तुमच्या लॅबमध्ये, तुमच्या हाताखाली, ०.१ सांगू शकत नाही.

याने पेशंटला काय फरक पडतो? थायरॉइडच्या कॅन्सरनंतर जास्त धोक्याच्या पेशंटांत डॉक्टर टीएसएच मुद्दाम ०.१ च्या खाली दाबून ठेवतात. गोळीचा डोस त्या आकड्यावर ठरतो. किट ०.०५ आणि ०.३ यांत गोंधळ घालत असेल तर ती बाई चुकीच्या डोसवर महिनोन्महिने राहील. असे पेशंट येत असतील तर एलायसावर रिपोर्ट देऊ नका, चांगल्या क्लियावर पाठवा. मी स्वतः पाठवते.

डिस्ट्रिब्युटर म्हणतो ९६ टेस्टचं किट आहे. मग एका टेस्टचा खर्च किती धरायचा?

किमतीला ९६ ने भागू नका. एलायसाच्या प्लेटला बारा स्ट्रिप, प्रत्येकीत आठ वेल. सहा कॅलिब्रेटर डुप्लिकेटमध्ये, म्हणजे प्रत्येक दोनदा, लावले की बारा वेल गेल्या, दोन कंट्रोल (रन बरोबर आहे का ते तपासायचे नमुने) डुप्लिकेटमध्ये चार. पेशंट आठ असतील तर त्यांच्या सोळा. एकूण ३२ वेल, चार स्ट्रिप. असे तीन रन झाले की किट संपलं. हातात रिपोर्ट आले २४. भागाकार २४ ने करायचा. पूर्ण प्लेट एकदम लावली तर ४० रिपोर्ट निघतात, पण त्यासाठी पेशंट साठवावे लागतात आणि रिपोर्टला तीन दिवस लागतात.

मग लोक कॅलिब्रेटर सिंगल लावतात, कंट्रोल एकच लावतात, काहीजण मागच्या रनचाच कर्व्ह (कॅलिब्रेटरच्या ओडीवरून आकडा काढायची रेघ) वापरतात. पहिल्या दोन गोष्टींत धोका आहे, तिसरी तर करूच नका. तापमान आणि वेळ थोडी बदलली की सगळ्या प्लेटचे ओडी हलतात, जुना कर्व्ह त्या दिवसाचा नसतो.

क्लियाचं गणित वेगळं. १०० टेस्टचा पॅक मशीनवर चढवला की २८ दिवस चालतो असं धरा. रोज दोन कंट्रोल आणि सुरुवातीचं कॅलिब्रेशन चार टेस्टचं. रोज एकच पेशंट असेल तर महिन्याअखेर २८ रिपोर्ट निघाले, ६० टेस्ट कंट्रोल-कॅलिब्रेशनला गेल्या आणि १२ फेकायच्या. रोज पाच पेशंट असतील तर तोच पॅक १३-१४ दिवसांत संपतो आणि ६५-७० रिपोर्ट देतो. म्हणजे किट महाग की स्वस्त हे तुमच्या दारात रोज किती पेशंट येतात त्यावर ठरतं. दोन महिन्यांचं रजिस्टर काढून मोजा, मगच बोलणी करा.

कंपनी मशीन फुकट ठेवते म्हणते. घ्यावं का?

मशीन फुकट नसतं, त्याची किंमत रिएजंटमध्ये (टेस्टच्या रसायनांत) असते. तरी हा व्यवहार वाईट नाही, मीही केला आहे. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: महिन्याला किमान किती टेस्ट घ्याव्या लागतील, बिघडल्यावर इंजिनिअर किती तासांत येईल, आणि मशीनची ठरलेली सर्व्हिस कोणाच्या खर्चाने. तोंडी कबूल झालेलं पावसाळ्यात, रस्ता बंद असताना, कामाला येत नाही.

नवं किट जुन्याशी कसं ताडून पाहायचं?

किमान ४० पेशंटांची सॅम्पल, दोन्ही किटांवर, एकाच दिवशी, शक्यतो दोन तासांच्या आत. सगळी एका दिवसात उरकू नका, पाचसहा दिवसांत वाटा. सॅम्पल कोणती घेता यावर सगळं अवलंबून आहे. रोज येणारी पहिली चाळीस घेतली तर पस्तीस नॉर्मल निघतील आणि काहीच कळणार नाही. मी अशी निवडते: ०.४ च्या खालची आठ, त्यातली चार तरी ०.१ च्या खालची, ०.४ ते ४ मधली चौदा. ४ ते १० मधली बारा. १० च्या वरची सहा. चार ते दहा हा पट्टा मुद्दाम भरते, कारण गोळी सुरू करायची की थांबायचं हा निर्णय डॉक्टर तिथेच घेतात.

मग आकडे आले की बहुतेकजण कोरिलेशन काढतात, ०.९९ आलं की खूश. हा आकडा तुम्हाला फसवतो. जुन्या किटवर १, २, ४, ८, १० आले आणि नव्यावर १.३, २.६, ५.२, १०.४, १३. कोरिलेशन पूर्ण १. आणि प्रत्येक पेशंट ३० टक्क्यांनी वर गेलेला. ज्या बाईचा टीएसएच काल ३.५ होता, तिचा आज ४.५५. दोन पद्धती एकमेकींबरोबर हलतात एवढंच कोरिलेशन सांगतं. त्या जुळतात का, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

ब्लांड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये याचा साधा उपाय सांगितला. प्रत्येक सॅम्पलसाठी दोन्ही आकड्यांची सरासरी आडव्या अक्षावर आणि फरक (नवा वजा जुना) उभ्या अक्षावर मांडायचा. टीएसएचचे आकडे ०.०१ पासून १०० पर्यंत पसरलेले असतात, म्हणून फरक टक्क्यांत मांडा, नाहीतर वरचे दोनचार पेशंट सगळा आलेख खाऊन टाकतील. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. ठिपके शून्याभोवती दोन्ही बाजूंना पसरले तर चांगलं. सगळे वरच्या अंगाला असतील तर नवं किट वर वाचतं. डावीकडे फाकलेले असतील तर खालच्या आकड्यांत किट डळमळतं. आणि एखादाच ठिपका फार लांब पडला असेल तर त्या पेशंटचा कागद काढून बघा, तिथे बहुधा काहीतरी गोष्ट असते.

सरासरी फरक १० टक्क्यांपलीकडे गेला तर मी डॉक्टरांना न सांगता किट बदलत नाही.

एवढं करायला सॅम्पल आणि पैसे नाहीत. कमीत कमी काय करू?

दोन लेव्हलचे कंट्रोल पाच दिवस, रोज पाच-पाच वेळा लावा आणि सीव्ही काढा. ४ च्या आसपास तो १० टक्क्यांच्या आत हवा. आणि २० सॅम्पल तरी ताडा, त्यातली निम्मी ४ ते १० मधली. यापेक्षा कमीत किट बदलू नका.

इन्सर्टमध्ये आधी काय वाचावं?

आधी एक्स्पायरी नाही, उघडल्यानंतर किती दिवस चालतं ते. मग कोणत्या प्रमाणाशी बांधलं आहे, फंक्शनल सेन्सिटिव्हिटी, वरची हद्द आणि त्यापलीकडे डायल्युशन कशाने करायचं. नंतर एलएच, एफएसएच (पिच्युइटरीचेच प्रजननाचे हार्मोन) आणि एचसीजी (गरोदरपणातला हार्मोन) यांच्याशी किती गोंधळ होतो ते. टीएसएच धरून या चारही हार्मोन्सची अल्फा साखळी एकच असते, फक्त बीटा वेगळी. अँटिबॉडी जर अल्फाला चिकटणारी असेल तर गरोदर बाईत, जिथे एचसीजी प्रचंड असतं, टीएसएच खोटं वर येईल. मोनोक्लोनल (एकाच ठरलेल्या जागी चिकटणाऱ्या) अँटिबॉडी आल्यापासून हा त्रास फार कमी झाला, पण आकडा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पेशंटला काही त्रास नाही, पण रिपोर्ट थायरॉइड खूप वाढल्याचा. किट चुकलं का?

किट नाही, पण किटची रचना. आधी विचारा: केसांची किंवा नखांची गोळी चालू आहे का?

आमच्याकडे एक तरुण बाई आली होती. टीएसएच ०.०२, फ्री टी-फोर चांगलाच वर. नाडी ७२, हात थरथरत नव्हते, वजन उलट वाढलेलं. डॉक्टरांनी औषध न लिहिता मला फोन केला. तिला पर्समधल्या गोळ्या दाखवायला सांगितलं, तर केस गळतात म्हणून १० मिलिग्रॅम बायोटिन (एक जीवनसत्त्व) रोज. शरीराची रोजची गरज सुमारे ३० ते ४० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ही गोळी तिच्या अडीचशे-तीनशे पट. गोळी थांबवून तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं, टीएसएच २.१.

कारण असं. कित्येक किटांत, एलायसा आणि क्लिया दोन्हींत, अँटिबॉडीला बायोटिन लावलेलं असतं आणि ते स्ट्रेप्टाव्हिडिन या किटमधल्या प्रथिनाला चिकटतं. रक्तात बायोटिन भरपूर असलं की ते आधीच जागा अडवून बसतं. सँडविचच्या टेस्टमध्ये, म्हणजे टीएसएचमध्ये, आकडा खोटा खाली येतो. भांडणाच्या टेस्टमध्ये, म्हणजे टी-थ्री-टी-फोरमध्ये, खोटा वर जातो. दोन्ही मिळून ग्रेव्हज आजाराचं, म्हणजे थायरॉइड जास्त काम करण्याच्या आजाराचं, हुबेहूब चित्र. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना काढली. काही कंपन्यांनी नंतर किटं सुधारली. तुमचं किट स्ट्रेप्टाव्हिडिनचं आहे का आणि किती बायोटिनपर्यंत टिकतं, हे डिस्ट्रिब्युटरकडून लेखी घ्या. आमच्या फॉर्मवर आता ‘केसांची गोळी चालू आहे का’ हा प्रश्न छापलेला आहे, आणि उत्तर ‘हो’ असेल तर दोन दिवस थांबवून बोलावतो.

बायोटिन नसेल आणि तरी चित्र जुळत नसेल तर त्या पेशंटच्या रक्तातच किटच्या अँटिबॉडींना चिकटणारी अँटिबॉडी असू शकते. सॅम्पल दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीवर लावा, आणि दुप्पट-चौपट डायल्यूट करूनही पाहा. खरा हार्मोन डायल्युशनच्या प्रमाणात उतरतो, खोटा सहसा तसा उतरत नाही.

रॅपिड कार्डवर टीएसएच करावा का?

माझं मत, नको. साधं कार्ड एका ठरलेल्या आकड्याच्या वर की खाली एवढंच सांगतं. खालचा टीएसएच त्यात दिसतच नाही, आणि डोस तर अजिबात ठरवता येत नाही.

नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेलं रक्त आमच्या किटवर चालेल का?

टाचेचं रक्त गाळणकागदावर वाळवतात, त्यासाठी किट वेगळं, कॅलिब्रेटरही वाळलेल्या रक्ताचे. सिरमचं किट त्याला चालत नाही. ते खास लॅबकडेच पाठवा, आणि लवकर पाठवा. जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेत गोळी लवकर सुरू झाली तर मुलाची बुद्धी वाचते.

किट थंड राहिलं नाही तर कळतं कसं? कंट्रोल तर रेंजमध्ये येतात.

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कंट्रोल रेंजमध्ये येऊनही किट मेलेलं असू शकतं.

एका मे महिन्यात किटचं पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीने आलं, थर्माकोलच्या खोक्यात. उघडलं तर जेलपॅक पाण्यासारखे लिबलिबीत. उशीर झाला होता, चौदा पेशंट थांबलेले, मी रन लावला. कंट्रोल दोन्ही आत. पण प्लेट हातात धरली तेव्हाच मनात खटकलं, सगळ्यांत वरच्या कॅलिब्रेटरची वेल नेहमी गर्द पिवळी असते, ती फिकट होती. ओडी एरवी २.४ च्या पुढे, त्या दिवशी १.३. उष्णतेने कॉन्ज्युगेट (एन्झाइमची खूण लावलेली अँटिबॉडी) अर्धमेलं झालं होतं. कॅलिब्रेटर, कंट्रोल, पेशंट सगळे सारख्याच प्रमाणात घसरले, म्हणून कर्व्हवर कंट्रोल बरोबर बसले. पण खालच्या टोकाला शून्य आणि ०.५ यांच्या ओडीत जेमतेम फरक उरला होता. तिथला एकही आकडा खरा धरण्यासारखा नव्हता. चौदाही सॅम्पल दुसऱ्या दिवशी नव्या किटवर पुन्हा लावली.

तेव्हापासून रजिस्टरमध्ये कंट्रोलबरोबर शून्य आणि सर्वांत वरच्या कॅलिब्रेटरचा ओडी रोज लिहिला जातो. लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर (कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायच्या आलेखावर) त्याचीही एक रेघ आहे. पार्सल आलं की आधी जेलपॅकला हात लावा, आणि ते वितळलेले असतील तर फोटो काढून परत पाठवा. फ्रिजचं तापमान दोनदा लिहा. भारनियमन असलेल्या गावी फ्रिज इन्व्हर्टरवर हवाच.

तेच किट, पण नवा लॉट (नवी खेप). पुन्हा सगळं करायचं का?

सगळं नाही. जुन्या लॉटवर झालेली पाचसहा सॅम्पल, खालची-मधली-वरची, नव्यावर लावा. कंट्रोलवर विसंबू नका. कंट्रोल हे प्रक्रिया केलेलं सिरम असतं, लॉट बदलल्यावर ते एक सांगतं आणि पेशंट दुसरंच.

एकाच प्लेटवर पहिल्या आणि शेवटच्या वेलमध्ये फरक येतो, का?

एक-एक करत सगळी प्लेट भरायला पंधरा मिनिटं लागत असतील तर पहिल्या वेलला पंधरा मिनिटं जास्त मिळतात. मल्टिचॅनल पिपेट घ्या, नाहीतर लहान रन लावा. सगळं आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कडेच्या वेल लवकर गरम होतात, प्लेटवर झाकण ठेवा. आणि वॉश, म्हणजे वेल धुणं. खराब डुप्लिकेटमागे निम्म्या वेळा वॉशरची एखादी तुंबलेली सुई सापडते.

नॉर्मल रेंज इन्सर्टमधलीच छापायची का?

आधी तपासून, मग छापा. गोळी न घेणारे, थायरॉइडचा इतिहास नसलेले २० तब्येतीचे लोक घ्या. त्यातले दोनपर्यंत रेंजबाहेर गेले तर ती वापरायला हरकत नाही. स्वतःची रेंज काढायची तर १२० लोक लागतात, ते आपल्याला जमणारं नाही. पण किट बदललं आणि रेंज जुन्या किटचीच छापत राहिलात, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. ते पेशंटवर अन्याय करणारं आहे.

गरोदर बायांसाठी हीच रेंज चालत नाही. पहिल्या तिमाहीत एचसीजी थायरॉइडला चेतवतं आणि टीएसएच उतरतं. रिपोर्टवर तिमाहीची नोंद करा, अर्थ डॉक्टरांवर सोडा.

उपाशीपोटी यावं लागतं का?

टीएसएचसाठी नाही. पण दर वेळी साधारण त्याच वेळेला या, आणि थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्या. डोस बदलला असेल तर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. त्याआधीची टेस्ट पैसे वाया घालवते.

बाहेरून तपासणी करून घ्यायची सोय कुठे?

सीएमसी वेल्लोरचा ईक्यूएएस (लॅबची गुणवत्ता बाहेरून तपासायचा) कार्यक्रम आहे, दर महिन्याला सॅम्पल लावून निकाल कळवायचे. तिथे तुमचा आकडा तुमच्याच पद्धतीच्या गटाशी ताडला जातो. एलायसावाल्यांचा एलायसाशी, क्लियाचा क्लियाशी. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) मान्यतेसाठी ते लागतंच. एनएबीएल नसेल तरी घ्या.

किट बदललं तर डॉक्टरांना काय सांगायचं? ते लॅब बदलतील अशी भीती वाटते.

मलाही वाटली होती. तरी मी सांगितलं, आणि एकही डॉक्टर गेला नाही. रिपोर्टच्या तळाशी तीन महिने हा मजकूर छापत होते, हवा तर जसाच्या तसा घ्या:

‘दि. १ पासून टीएसएचची पद्धत एलायसाऐवजी क्लिया केली आहे. आमच्या ४० सॅम्पलच्या तुलनेत नवे आकडे जुन्यापेक्षा सरासरी १२ टक्के कमी येतात. नॉर्मल रेंज बदलली आहे, ती वर दिली आहे. जुन्या रिपोर्टशी तुलना करून डोस बदलण्यापूर्वी कृपया फोन करा. ज्या पेशंटांचा डोस चालू आहे, त्यांची पुढची एक टेस्ट दोन्ही पद्धतींनी करून देऊ, दुसऱ्या टेस्टचे पैसे घेणार नाही.’

१२ टक्के हा आमच्या लॅबचा आकडा. तिथे तुमचा घाला.